तेरावा महिना : एका कादंबरीच्या सुरुवातीचं प्रकरण

माझी तिसरी कादंबरी सुरू होत नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत त्यापायी जे जे घडलं ते इथे मांडते आहे. लिहिणारी माणसं सुरुवातीबद्दल बोलतात तेव्हा बहुतेक वेळा मनःस्थितीबद्दल बोलतात. या वेळची माझी अडचण कालगणनेची होती. त्या वर्षी वसंत उशिरा आला, आणि तो उशिरा आला म्हणूनच ती सुटली. लिहिणाऱ्या दुसऱ्या कुणाला यातलं काही कामी येईल असं वाटतं, म्हणून तारखा-वारांसकट लिहिते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठाला. घरची सात एकर जमीन. तीत कापूस आणि दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. मी प्राथमिक शाळेत शिकवत होते, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. आधीच्या दोन्ही कादंबऱ्या मी उन्हाळ्यात लिहिल्या. खान्देशचा उन्हाळा म्हटलं की बाहेरचा माणूस धसका घेतो. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेल्याच्या बातम्या दर वर्षी येतातच. पण शेतकऱ्याच्या घरात लिहिणाऱ्या बाईला हाच काळ मोकळा मिळतो. पऱ्हाटी उपटून झाली, दादर घरात आली, की मृग लागेपर्यंत शेत निजलेलं असतं. पहाटे चारला उठायचं, साडेआठला पत्रा तापायला लागला की वही मिटायची. दुपार घरकामाची आणि झोपेची. असे सलग तीन-साडेतीन महिने मिळाले तर पहिला खर्डा होतो.

सुरुवातीचा माझा एक नेम होता. विहिरीजवळचा गावरान आंबा मोहरला की पहिली ओळ लिहायची. पहिली कादंबरी तशी सुरू झाली, दुसरीही तशीच. हा नेम मी कधी तपासून पाहिला नव्हता. मोहोर पौषाच्या अखेरीस, फार तर माघात येतो, तेव्हा रब्बीची धांदल उरकत आलेली असते, म्हणून तो सोयीचा होता एवढंच.

नवी कादंबरी एका सालदाराच्या घराची. शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं की सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर एका शेतकऱ्याकडे राबणारा माणूस. रोख रक्कम ठरते, महिन्याला दाणे ठरतात, आणि सालाला एकदा कपडे, वहाणा, घोंगडी. पहाटे बैलांना वैरण टाकण्यापासून रात्री पाणी भरण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे. आता गावात सालदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिले आहेत आणि बोली लाखाच्या वर गेली आहे. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या घरी सालदार होता.

काळ १९७२ चा. त्या वर्षी पाऊस गेला. महाराष्ट्रात रोजगार हमीची कामं निघाली, तो कायदा पुढे १९७७ साली झाला. खडीची कामं, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, सुकडी, हे सगळं ऐकत माझी पिढी वाढली. मला दुष्काळाच्या आधीचे महिने लिहायचे होते. पुढे काय वाढून ठेवलं आहे हे घरात कुणालाच माहीत नाही, आणि दिवस नेहमीसारखे चालले आहेत. दोन वर्षं मी म्हाताऱ्या माणसांकडे बसून टिपणं घेतली होती. माणसं डोळ्यांसमोर होती. पहिलं प्रकरणही ठरलं होतं : बहात्तरची होळी, पळस पेटलेला, सालदाराचा पोरगा होळीसाठी लाकडं गोळा करतो आहे.

फेब्रुवारीच्या २ ते ४ तारखांना अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. १९५२ नंतर बहात्तर वर्षांनी आमच्या तालुक्याच्या गावी संमेलन आलं होतं. तिन्ही दिवस मी प्रताप महाविद्यालयाच्या आवारात होते. ज्या गावात साने गुरुजींनी शिकवलं, तिथे इतकी पुस्तकं, इतकी माणसं! घरी आले तेव्हा अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. पाचव्या दिवशी पहाटे उठून विहिरीवर गेले. आंब्याला मोहोराची एक काडी नव्हती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला होता. ज्या दिवसांत आंब्याला पाण्याचा ताण बसायला हवा, थंडी मिळायला हवी, नेमकी तेव्हा जमीन ओली झाली. असं झालं की झाड मोहोराऐवजी पालवीकडे वळतं. आमच्या आंब्याला डिसेंबरात तांबूस पानं फुटली होती, तेव्हा मला ती सुंदर वाटली होती. ती पानं पिकून गडद व्हायची आणि मग कुठे डोळ्यांतून मोहोर निघायचा. म्हणजे महिना-दीड महिना उशीर पक्का.

पंचांगही त्या वर्षी मागे होतं. २०२३ मध्ये अधिक श्रावण येऊन गेला होता. चंद्राचं वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सूर्याचं ३६५ चं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून ती भरून काढतात. त्यालाच आपण अधिक मास, धोंड्याचा महिना म्हणतो. तो येऊन गेला की पुढचे सगळे सण लांबतात. २०२३ चा गुढीपाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला. होळी आदल्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, या वर्षी २४ मार्चला. चैत्र लागला की वसंत, असं शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेल्या माझ्यासारखीला वसंत अडीच आठवडे लांब गेला होता.

त्रेचाळीस पानं

मी वाट पाहायची नाही असं ठरवलं. मोहोर नसला तर नसू दे. १२ फेब्रुवारीला पहिली ओळ लिहिली आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत त्रेचाळीस पानं झाली.

त्या पानांत काय बिघडलं होतं ते नीट सांगायला हवं, कारण वाचताना वरवर काहीच चुकत नव्हतं. भाषा ठीक होती. पळसाचं वर्णन तर फारच चांगलं होतं. माझ्या एका मैत्रिणीने फोनवर तो भाग ऐकला आणि म्हणाली, डोळ्यांपुढे उभं राहिलं. पण पानांमागून पानं गेली तरी सालदाराच्या घरातलं कुणी कशासाठी घाईत नव्हतं, कुणी कशाची वाट पाहत नव्हतं. होळी झाली, पाडवा झाला, पात्रं सणांतून सणांत जात होती. गोष्टीला वेळ होती, पण मुदत नव्हती. मला हे तेव्हा शब्दांत सांगता आलं नसतं. एवढंच कळत होतं की रोज पहाटे मी आदल्या दिवशीचं पान पुन्हा सुबक करते आहे आणि पुढे सरकत नाही.

शेवटी पळस प्रत्यक्ष पाहून येऊ, म्हणून होळीच्या दोन दिवस आधी आम्ही तापीचा पूल ओलांडून चोपड्याच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला गेलो. आठवडाभर तिकडे आदिवासींचे भोंगऱ्याचे बाजार चालले होते, रस्त्याने ढोल घेतलेली पोरं भेटत होती. पळस मात्र विझत आला होता. खाली मळकट केशरी सडा आणि फांद्यांना चपट्या हिरव्या शेंगा. झाडं सूर्याने चालतात. होळी अडीच आठवडे पुढे सरकली म्हणून पळस तिच्यासाठी थांबत नाही. मोहाखाली मात्र बाया पहाटेची फुलं वेचून टोपल्या भरून उभ्या होत्या. मोह वेळेवर होता, पळस येऊन गेला होता, आंबा अजून यायचा होता, आणि पंचांगाच्या लेखी वसंत लागलाच नव्हता. परत येताना गाडीत मी काहीच बोलले नाही.

त्या रात्री मी लिहिणं थांबवलं आणि एक वही काढली.

वडिलांचं अमळनेरला धान्याचं छोटं दुकान होतं. त्यांच्या कोऱ्या राहिलेल्या दोन रोजमेळाच्या वह्या माझ्याकडे आहेत : लांबट, लाल कापडाची बांधणी, वर दोरी, प्रत्येक पानाला मध्ये घडी. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. मी ठरवलं की डावीकडे रोज जे आलं ते लिहायचं, म्हणजे झाडावर, शेतात, गल्लीत काय दिसलं ते. उजवीकडे त्या दिवशी कादंबरीसाठी काय खर्ची पडलं ते. कादंबरीचं एक वाक्यही लिहायचं नाही. उजवी बाजू कोरी राहिली तर राहू द्यायची.

२३ मार्चपासूनच्या नोंदी माझ्यासमोर आहेत. ‘आंबा : दक्षिणेकडच्या फांदीला मोहोर, वीस-पंचवीस काड्या, बाकी झाड कोरं. तुडतुडे आहेत, खालची पानं चिकट.’ ‘कडुलिंब : पार भरून पानं, झाडून संध्याकाळी पुन्हा तेवढीच.’ ‘शेजारी दादर खळ्यातून घरी. पोती उचलायला माणूस नाही.’ ‘मोहोराचा वास पहाटे साडेचारला ओट्यापर्यंत आला. वारा नव्हता.’ ही शेवटची नोंद २९ मार्चची. वास आल्यावर मी उठून उभी राहिले हे मला आठवतं. दीड-पावणेदोन महिने ज्याची वाट पाहिली होती तो आला होता, आणि माझ्याकडे त्याला द्यायला पहिली ओळ नव्हती. तरी आनंद झाला, खरा आनंद. मी खाली जाऊन झाडाखाली बसले, उजाडेपर्यंत.

९ एप्रिलला पाडवा. गुढीला बांधलेल्या कडुलिंबाच्या डहाळीला फुलांचे तुरे होते. पाडवा लवकर येतो तेव्हा निव्वळ कोवळी पालवी बांधावी लागते. या वर्षी फुलासकट डहाळी मिळाली आणि तिचा कडवट गोडसर वास दुपारपर्यंत दारात होता. उशिरा आलेल्या सणाचं हे एक देणं.

बिबडे आणि आबा

पाडव्यानंतरच्या आठवड्यात आमच्या अंगणात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घातले. तीन दिवस भिजवलेली ज्वारी भरडून, मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ, जिरं, लसूण, मीठ. घाटा ढवळणं हे दोन बायांचं काम, कारण तो बुडाला धरतो आणि फुटून हातावर उडतो. मग ओल्या हाताने गोळा घ्यायचा आणि खाटेवर अंथरलेल्या धुतलेल्या लुगड्यावर पसरायचा. पाणी कमी झालं तर चिकटतो, जास्त झालं तर फाटतो. गल्लीतल्या सहा-सात जणी आल्या होत्या.

आबा पारावरून उठून आमच्या ओट्यावर येऊन बसले. आबा म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे गृहस्थ, वय सत्तरीच्या पुढे. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी तीन-चार घरी सालं काढली. माझ्या टिपणांत त्यांची बरीच पानं होती. मी त्यांना बैलांबद्दल, मालकांबद्दल, दुष्काळातल्या खडीबद्दल विचारलं होतं. वर्ष कुठून कुठपर्यंत, हे मात्र कधीच विचारलं नव्हतं. मला ते माहीत आहे असं मी धरून चालले होते.

सुनेने त्यांना ओला बिबडा तेल-तिखट लावून दिला. खाता खाता ते म्हणाले, ‘‘बाई, औंदा आखाजी लांबनी.’’

मी म्हटलं, हो आबा, मे महिन्याच्या १० तारखेला आली आहे. गेल्या वर्षी २२ एप्रिलला होती.

‘‘तेरा महिनानं साल पडनं.’’ बिबडा संपवून त्यांनी हात पुसला. ‘‘आखाजी लांबनी की सालदारना एक महिना फुकट जाये.’’

माझ्या हातातला गोळा तसाच राहिला.

खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा दिवाळीच्या तोलाचा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस त्याच दिवशी, आणि त्याआधी आंबा खायचा नाही अशी जुन्या घरांत रीत. हे सगळं मला पाठ. सालदाराचं साल आखाजीला सुरू होतं आणि आखाजीला संपतं, हेही माहीत होतं. पण सण आणि साल या दोन गोष्टी मी डोक्यात वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवल्या होत्या. आखाजी चंद्राने ठरते. तेव्हा अधिक मासाच्या वर्षात साल तेरा महिन्यांचं होतं. २२ एप्रिल २०२३ ते १० मे २०२४, मोजून ३८४ दिवस. त्याच्या आधीचं साल, ३ मे २०२२ ते २२ एप्रिल २०२३, ३५४ दिवसांचं. बोली एका सालाची, आणि दिवसांत तीसचा फरक.

मी विचारलं, मग त्या तेराव्या महिन्याचे पैसे?

आबांच्या मालकाकडे रोख वाढत नसे. दाणे महिन्याच्या महिन्याला मिळत, ते मिळत. कपडे आणि वहाणा सालाला एकदाच. नंतर मी शेजारच्या दोन गावांत विचारून आले. एका ठिकाणी सांगितलं की मालक जादा महिन्याचं काहीतरी हातावर ठेवत, दुसरीकडे म्हणाले तसं काही नव्हतं. घराघरांची रीत वेगळी दिसते, आणि कादंबरीत मी फक्त आबांच्या मालकाचं घर धरलं आहे.

मग ते म्हणाले, ‘‘बहात्तरले बी अशीच लांबनी व्हती.’’

त्यांचं ते पहिलं साल. बाप आजारी पडला म्हणून अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा त्याच्या जागी लागला होता.

संध्याकाळी मी गावातल्या गुरुजींच्या घरी गेले. त्यांच्याकडे जुनी पंचांगं कापडात बांधून ठेवलेली आहेत. शके १८९४ चं काढलं. पाडवा मार्चच्या मध्यावर. त्यानंतर चैत्र, आणि चैत्रानंतर अधिक वैशाख. निज वैशाख लागतो तो मेच्या मध्यावर, आणि अक्षय तृतीया निज वैशाखातली. एरवी पाडवा आणि आखाजी यांच्यात महिनाभराचं अंतर असतं. बहात्तर साली ते दोन महिन्यांचं झालं होतं. चैत्र आणि वैशाख मिळून वसंत. त्या वर्षी वैशाख दोन आले, म्हणजे पंचांगाने वसंतालाच तिसरा महिना जोडला. जादा महिना श्रावणात आला असता तर वर्षाच्या पोटात विरून गेला असता. इथे तो सालाच्या अगदी शेपटाला आला. बारा महिने भरले आहेत, हिशेब व्हायला हवा, आणि आखाजी अजून महिनाभर लांब आहे. या एका महिन्यात सालदार ना जुन्या सालाचा ना नव्याचा. आणि तो महिना संपल्यावर जो मृग आला त्याने काय केलं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

रोजमेळाची उजवी बाजू त्या दिवशी पहिल्यांदा भरली. मी एवढंच लिहिलं : ‘मुदत सापडली.’

तीन वाटा

यापुढे काय करायचं याच्या तीन वाटा होत्या. पाच-सहा दिवस मी त्या तोलून पाहिल्या.

पहिली, त्रेचाळीस पानं ठेवायची आणि अधिक मासाचा भाग पुढे जोडायचा. काम वाचलं असतं. पण होळीपासून सुरू केलं की वाचकाच्या मनात सणांचं वर्ष बसतं, आणि मग आखाजी त्या माळेतला आणखी एक मणी होते. ती सालदाराच्या गळ्यातली गाठ आहे हे वाचकाला शंभराव्या पानावर सांगून उपयोग नाही.

दुसरी वाट माझ्या संपादकांनी सुचवली. सरळ दुष्काळात सुरू करा, खडीच्या कामावर, लोक धरून राहतील. ते अनुभवी आहेत आणि त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. मी त्यावर दोन दिवस घालवले. दुष्काळाने सुरुवात केली तर माणसं पहिल्या पानापासून पीडित म्हणून येतात, आणि नंतर ती कशीही वागली तरी वाचक त्यांच्याकडे दयेने पाहतो. मला ते नको होतं. पाऊस जाण्याआधीही त्या घराचा एक महिना कुणीतरी घेतला होता, आणि तो कुणी क्रूरपणे घेतला नव्हता. मालक बरा माणूस होता. रीतच तशी होती. ही गोष्ट दुष्काळाच्या आवाजात ऐकू आली नसती.

तिसरी वाट, अधिक वैशाखाच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायचं आणि पहिला भाग आखाजीच्या सकाळी संपवायचा. पहिल्या भागात तेवढा एकच महिना. पळस नाही, होळी नाही. त्रेचाळीस पानं बाजूला. हातातला वेळ अर्धा संपलेला, म्हणजे मृगाआधी खर्डा होणार नाही हेही उघड.

मी तिसरी घेतली. पानं टाकताना वाईट वाटलं, विशेषतः पळसाचं. ती पानं गठ्ठा करून कपाटात ठेवली आहेत, आणि दुसऱ्या कुठल्या पुस्तकात ती डकवायची नाहीत असं ठरवलं आहे.

२३ एप्रिलला पहाटे नवी पहिली ओळ लिहिली : ‘साल संपलं होतं, पण आखाजी आली नव्हती.’ यानंतर अडायला झालं नाही. घरातल्या प्रत्येकाला आपोआप घाई लागली. आईला पुढच्या सालाची उचल हवी आहे, बापाच्या औषधाला. मालकिणीला वाटतं पोरगा दुसरीकडे बोलणी करतो आहे. बहिणीला आखाजीला माहेरी आणायचं तर मुऱ्हाळी कोण जाणार, आणि सुट्टी कोण देणार? हे प्रश्न मी शोधले नाहीत, ते त्या महिन्यातच होते. मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या खाली, मी आधीच्या दोन्ही पुस्तकांपेक्षा वेगाने लिहीत होते.

१० मेला आखाजी आली. लेक आली, घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, पुरणपोळ्या झाल्या. आमरस बाजारच्या आंब्यांचा. घरचा आंबा तेव्हा कुठे पोरांच्या गोटीएवढ्या कैऱ्यांवर होता. एवढ्या वर्षांत आखाजीला घरची कैरी न तोडण्याची माझी ही पहिलीच वेळ. कडुलिंबाला बांधलेल्या झोक्यावर गल्लीतल्या पोरी रात्री उशिरापर्यंत होत्या.

मृगापर्यंत एकशेबारा पानं झाली. पहिला भाग पूर्ण, दुसऱ्याची सुरुवात. आंबे पिकले ते पाऊस पडायला लागल्यावर, निम्मे वाऱ्याने पडले, त्यांचं लोणचं घातलं. खर्डा पुरा व्हायला त्यानंतरची दिवाळी उजाडली.

पहिलं प्रकरण मी आखाजीनंतर चार दिवसांनी आबांना वाचून दाखवलं. त्यांना वाचता येतं, पण ऐकणं बरं वाटतं. त्या प्रकरणात सालदाराचा पोरगा भर उन्हात शेताकडे निघतो आणि बांधावर थांबून फुललेला बहावा पाहतो. पळस गेला तरी फुलाचा मोह माझा सुटला नव्हता. तिथे आबांनी हात वर केला.

‘‘ते फुलं कोन देखस, बाई? पायमा वहाण नही ते जमीन देखनी पडस.’’

मी वाचायचं थांबले. आबा सांगत गेले. सालाच्या वहाणा बारा महिन्यांच्या बेताने शिवलेल्या असत. अकराव्या महिन्यात टाच जाई, बाराव्यात सुतळीने बांधून माणूस आखाजीची वाट पाही. नवा जोड आखाजीला मिळे. त्या वर्षी आखाजीच आली नाही. अधिक महिना, वैशाखाचं ऊन, काळी जमीन तापून तव्यासारखी झालेली, आणि उन्हाळी वखरणी चाललेली. त्यांनी टायरचा एक तुकडा मिळवून टाचेखाली खिळ्यांनी ठोकला होता. खिळे दुपारी तापत. मालकाकडे नवा जोड मागायला जीभ रेटली नाही, कारण साल संपायचं होतं आणि मालकही म्हणाला असता, आखाजी तर येऊ दे.

हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तेराव्या महिन्याचे पैसे मोजले, दिवस मोजले, पंचांग पाहिलं, पण पायाकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी बहावा काढला. पोरगा बांधावर थांबतो ते वहाणेत शिरलेला खडा काढायला. ते पान घेऊन मी पुन्हा आबांकडे गेले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, आणि विचारलं की दोन्ही वहाणा एकदम कशा फाटल्या? वखराला वजन यावं म्हणून एक पाय त्यावर दाबून धरावा लागतो. त्यांचा उजवा पाय असे. लाकडावर घासून घासून त्या पायातली वहाण आधी जाई, डावी महिनाभर जास्त टिके.

घरी येऊन मी वही उघडली. सातव्या ओळीत ‘वहाणा’ असा शब्द होता. तो खोडून ‘उजव्या पायातली वहाण’ असं केलं, आणि त्याच पानावर पुढे तीन ठिकाणी.